आवाज देऊन उडणारे तात्या

उडण्याआधी तात्या हाळी द्यायचे. पाठीवर जेटपॅक, डोक्यावर हेल्मेट, काचेमागे पांढऱ्या मिशा, अशा अवतारात ते गल्लीच्या मधोमध उभे राहत आणि चारही दिशांना ओरडत, "वर येतोय बरं का. गच्चीवर कोण असंल त्यांनी सावध व्हा." नारळ उतरवणारा गडी झाडावर चढताना हाक देतो ना, तशीच. एखाद्या गच्चीवरून "या" असं उत्तर आलं, किंवा सगळीकडे सामसूम असली, तरच त्यांचे पाय जमीन सोडत.

बारामती-इंदापूर भागात कुणी जुनं घर विकत घ्यायला निघालं की छत तपासायला कळस गावच्या या तात्यांना बोलावत. "पाय दिला की चांगला पत्राबी गळाय लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आजोबा मेंढरांमागे चालले, वडील उसात राबले, "मी तेवढा वरनं चाललोय," असं सांगताना त्यांची छाती फुगायची. निमगाव केतकीत त्यांच्या यंत्राच्या वाऱ्याने एका घरच्या कुरडया शेजारणीच्या गच्चीवर गेल्या आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. तात्यांनी मध्ये बसून, दोन्हीकडचा चहा पिऊन ते पुन्हा सुरू केलं.

आम्ही बारामतीत घर बघत होतो. मीनाला, माझ्या बायकोला, ते पाहताक्षणी आवडलं होतं. स्वयंपाकाचा ओटा तिच्या उंचीला बरोबर बसत होता. फक्त छताची धास्ती होती. दलाल घाईत होता. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार, घर बंद आहे, गल्लीतली सगळी लग्नाला गेलीत, हाळी कुणाला देताय, असं म्हणून त्याने तात्यांना वर पिटाळलं. तात्या हाळी न देता वर गेले आणि लगेच खाली आले.

गच्चीवर मालकाची म्हातारी आई न्हाऊन उन्हात केस वाळवत बसली होती.

तात्यांनी पाठीवरचं यंत्र उतरवून जमिनीवर ठेवलं. हे छत आता आपल्याला बघता यायचं नाही, दुसरं कुणी बघा, म्हणाले. दलालाने डोकं आपटलं, मीनाचा चेहरा पडला. तात्या मात्र अंगणात मान खाली घालून वरच्या दिशेने बोलले, "आई, चुकलं. आवाज न देता आलो."

मग कठड्यावर पदर घेतलेलं डोकं दिसलं. "ये आता. केस बांधलं मी. टाकीखालचा कोपरा गळतोय, लेक सांगायचा न्हाय तुमास्नी. मी दावते."

तात्या या खेपेला जिन्याने गेले. कोपरा दुरुस्त करून घेऊन आम्ही ते घर घेतलं. त्या दिवशी तात्या मला फार आवडले, आजही आवडतात.

आता गुडघ्यांमुळे त्यांचं उडणं सुटलंय. यंत्र सून चालवते. परवा शेजारचं घर तपासायला दोघं आली. तात्या आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी तिच्या वतीने हाळी दिली. सून हसली. "मामा, आता बाईमाणूसच वर चाललंय. आवाज कशाला?"

"अगं, गडीमाणसं बी अंघुळी करत्यात," तात्या म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून घाईघाईने पुरुषी आवाज आला, "थांबा जरा, टॉवेल घेतो."