सासऱ्यांबरोबर खोललेला कार्बोरेटर

लग्न करून मी देवासहून इंदूरला आले, तेव्हा सासऱ्यांची मिल नुकतीच बंद पडली होती. छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत त्या वर्षी भर दुपारी पुरुष माणसं घरी दिसायला लागली होती. कुणी किराणा दुकान टाकलं, कुणी ऑटो घेतली. सासरे मात्र सकाळी मिलच्या वेळेलाच उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे.

ते लूमखात्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालते करणारे. त्या खडखडाटात उमेदीची वर्षं घालवून त्यांचे कान गेले होते, किती ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायची, बोलायची सवय होती. पण घरी त्यांच्याशी बोलायचं कसं ते समजेना. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "बाबांसमोर आवाज चढवायचा नाही." म्हणून मी मान खाली घालून हळू बोलायची आणि ते काहीच उत्तर द्यायचे नाहीत. मला वाटायचं, सून पसंत नाही पडली.

शेजारी एक जुनं घराणं होतं. त्यांचे आजोबा संस्थानात अधिकारी होते. ते लोक घर विकून विजय नगरला फ्लॅटमध्ये निघाले होते, आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांची जुनी पेट्रोलची जीप कितीतरी वर्षं उभी होती. शेजारी एक दिवस ओट्याशी आले आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड मोठं उघडून इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, ही चालू करा आणि ठेवून घ्या. तिकडे हिला जागा नाही. भंगारात द्यायला जीव होत नाही."

सासरे उठले ते थेट जीपपाशी गेले.

चाकं, ब्रेक, बॅटरी हे सगळं आठवडाभरात जमलं. इंजिन मात्र एकदा धडधडायचं आणि बंद पडायचं. रविवारी सकाळी त्यांनी कार्बोरेटर काढून आणला आणि अंगणात जुन्या चादरीवर खोलून मांडला. मी चहा द्यायला गेले आणि तिथेच बसले. आत वाळलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर होता. मी नेहमीसारखं खाली बघत विचारलं, "बाबा, ही बारकी भोकं कशाची?"

ते हातातला भाग पुसत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू काही बोललीस का?"

"हो."

"मग वर बघून बोल ना, सूनबाई. ओरडायची गरज नाही. मिलमध्ये आम्ही सगळे ओठ बघूनच बोलायचो. तू जमिनीशी बोलतेस, तर मला काय समजणार?"

मला इतकं हसू आलं की कप लवंडला. तेही हसले. मग त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन दाखवली. ती भोकं जेटची, इंजिनला पेट्रोल मोजून देणारी. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं; पेट्रोलमध्ये भिजवायचं आणि फुंकायचं. पितळेची पोकळ डबी म्हणजे फ्लोट. पेट्रोल भरलं की ती तरंगून वर येते आणि सुई दाबून येणारी धार बंद करते.

त्यांनी फ्लोट कानाशी नेला, मग स्वतःवरच वैतागून माझ्या हातात दिला. "हलवून बघ. आत काही वाजतंय?"

आत पेट्रोल डुचमळत होतं. म्हणजे डबीला छिद्र होतं. मी गरम पाण्याचं पातेलं आणलं आणि फ्लोट बुडवला, तर एका कडेतून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. त्याच छिद्रातून आतलं पेट्रोल काढलं, डबी उन्हात पुरती वाळवली आणि सासरे बाजारातून तिचं छिद्र कथलाचा डाग देऊन बुजवून घेऊन आले. नवी गॅस्केटं टाकून कार्बोरेटर बसवला. या वेळी इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

आता ट्यूनिंग. ते पेचकसानं स्क्रू फिरवायचे आणि दुसरा हात मडगार्डवर ठेवून थरथर पाहायचे. पण बारीक फरक हाताला लागत नव्हता. मग त्यांनी मला मिलच्या खुणा शिकवल्या. सपाट हात म्हणजे ठीक, मुठीची उघडझाप म्हणजे अडखळतंय. मी इंजिनाला कान देऊन उभी राहिले. ते स्क्रू आत नेत गेले, आवाज अडखळला, मी मूठ उघडली-मिटली. ते बाहेर काढत गेले, हळूहळू आवाज सरळ झाला आणि माझा हात सपाट झाला.

"बस?"

मी मान वर करून म्हटलं, "थोडं अजून."

सासूबाई दारात उभ्या होत्या. पुढे आवाज चढवण्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही जीप घेऊन जानापावच्या डोंगरावर सहलीला निघालो. वाटेत एका चौकात नव्या चकचकीत मोटारींमध्ये आमची जीप उभी होती आणि सासरे अगदी ताठ बसले होते. महूच्या पुढपर्यंत ती छान चालली. डोंगराचा कच्चा चढ लागला आणि काळा धूर सोडून ती बंद पडली. पेट्रोलचा भपकारा आला. सपाटीवर आणली की चालायची, चढाला लावली की बंद.

माझे यजमान म्हणाले, "बाबा, राहू द्या. खालीच डबा खाऊ."

सासरे बॉनेट उघडून बघत राहिले. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "बाबा, डाग दिल्यावर फ्लोट जड झाला असेल का? मग तो उशिरा उचलला जाईल आणि पेट्रोल जास्त भरेल."

"जास्त भरलं की चढावर सगळं मागे येणार आणि सांडणार," ते म्हणाले. "बरोबर. पाना दे."

इंजिन थंड होऊ दिलं आणि सागाच्या सावलीत कार्बोरेटरचं झाकण उघडलं. सुई लवकर दाबली जावी म्हणून फ्लोटची पितळी पट्टी त्यांनी नखानं अगदी किंचित वाकवली, मला दाखवली, पुन्हा किंचित वाकवली. झाकण बसलं आणि जीप त्या चढावर हळूहळू, न थांबता वर गेली. मागे सासूबाई दोन्ही हातांनी दांडा धरून बसल्या होत्या. मग उतरून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी पुढे बसणार."

वर वारा होता. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाताना सासरे मला मिलच्या गोष्टी सांगत होते, पहिल्यांदाच. मी विचारत होते, ते सांगत होते, आणि यजमान आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

नंतर, त्या चढावर आमची जीप पाहिलेले मानपूरकडचे दोघे-तिघे आपापली जुनी जीप घेऊन आमच्या गल्लीत येऊ लागले, मग त्यांच्या ओळखीचे आले. सासऱ्यांना काम मिळालं. शाळेतून मी घरी आले की ते हातानंच विचारायचे, वेळ आहे का? मी पर्स खुंटीला लावायची आणि इंजिनाशी जाऊन उभी राहायची.