कॅमेऱ्याला कुंकू

समुद्रावरच्या होड्या शोधायचं संशोधन मी करायचे, आणि समुद्र काही बघितलेला नव्हता. हसा खुशाल. गारखेड्यातले आमचे नातेवाईक हसून दमलेत. "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, अन् ही समुद्र राखायला निघाली," असं माझी मावशी प्रत्येक लग्नात चारचौघांत म्हणायची, आणि मी दात काढून दाखवायचे.

काम असं होतं. अंधारात दिवा विझवून एखादी होडी किनाऱ्याकडं सरकली, तर ती डोळ्याला दिसत नाही. पण आतल्या माणसांची आणि तापलेल्या इंजिनाची ऊब लपत नाही. ती ऊब बघणारा कॅमेरा आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजानं एका जीपच्या टपावर बसवला होता. जीप वाळूतून धक्के खात जाणार, आणि पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यांतला पक्षी कुठला, लाट कुठली अन् होडी कुठली हे कॉम्प्युटर सांगणार. जीप इतरांनी तयार केली. ठिपके ओळखणारा प्रोग्रॅम माझा. माझी पीएचडी त्याच्यावरच होती.

समुद्र नाही म्हणून आम्ही जायकवाडीच्या धरणावर जायचो. तिथं जाळी टाकणारे एक काका माझ्यावर कायम वैतागलेले असायचे. "ताई, आमी काय चोर हाव का? रोज आमच्यावरच कॅमेरा!" मी त्यांना पडद्यावर त्यांचीच पांढरी आकृती दाखवली, तर म्हणाले, "ह्यात तर लईच गोरा दिसतोय की मी." त्यांच्याच होडीवर माझा प्रोग्रॅम शिकला. पुढं पुढं तो इतका तरबेज झाला की पाण्यात उभा असलेला बगळा आणि लांबचा माणूस यांत एकदाही गल्लत करेना. तेव्हा मला झोपेतसुद्धा हसू यायचं.

आमच्या घरातली मी पहिली इंजिनिअर. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर उभे राहून रिटायर झाले. त्यांनी क्रांती चौकाजवळच्या दुकानातून माझ्या नावाची पितळी पाटी करून आणली आणि नावाआधी दोन बोटं जागा मोकळी सोडायला लावली. दुकानदाराला वाटलं म्हाताऱ्याचं माप चुकलं. वडील म्हणाले, "चुकलं नाय. तिथं 'डॉ.' बसणार आहे." पाटी दाराला लागली, तशीच, मोकळ्या जागेसकट.

सर म्हणजे माझे गाईड. माणूस वाईट नव्हता, आणि हे मला लिहावं लागतंय याचाच राग येतो. माझी शिष्यवृत्ती अडली तेव्हा त्यांनीच विद्यापीठात खेटे घातले. मी डबा विसरले की स्वतःच्या डब्यातली पोळी मोडून द्यायचे. कोकणातल्या किनाऱ्यावर, राखण करणाऱ्या खात्याच्या साहेबांसमोर चाचणी ठरली, तेव्हा मला म्हणाले, "ही झाली की तुझं शेवटचं प्रकरण पूर्ण. लगेच प्रबंध टाकायचा." मी घरी येऊन सांगितलं, तर वडलांनी पाटी पुसायला घेतली.

जीप निघायची त्या सकाळी कॉलेजच्या पोर्चमध्ये पूजा होती. आपल्याकडं नवी सायकल आणली तरी नारळ फुटतो, ही तर समुद्राला निघालेली गाडी. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक. माझं काही म्हणणं नव्हतं. मी बाजूला वायरी गुंडाळत उभी होते. संस्थेचे सचिव आले होते, पेढे आले होते, फोटोवाला आला होता. फोटोवाला म्हणाला, "सर, कॅमेऱ्याला पण होऊ द्या." आणि सर ओल्या कुंकवाचा अंगठा घेऊन शिडीवर चढले.

त्या कॅमेऱ्याची काच साधी नसते. साध्या काचेतून ऊब आरपार जातच नाही. ही काळीभोर, आणि तिच्यावर इतका नाजूक लेप की आम्ही वर्षानुवर्षं तिच्यावर साधी फुंकर मारली नव्हती. हे मला सरांनीच शिकवलेलं!

"सर, काचेला नका लावू!" मी ओरडलेच.

"अगं, हाच तर डोळा," सर हसत म्हणाले. "खरी पूजा याचीच."

"सर, लेप जाईल. पेटीला लावा, काचेला नको."

सचिवांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "राहू द्या हो सर, त्यांच्यात नसतं हे. शुभ कामात कशाला वाद?"

झालं. 'त्यांच्यात' हा शब्द एकदा आला की काचेचं बोलणं काचेचं राहत नाही. पोर्चमधले सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या देवाला शिवी दिली. सरांना माहीत होतं मी काय म्हणतेय. त्यांना शंभर टक्के माहीत होतं. त्यांनी क्षणभर अंगठा थांबवला, सचिवांकडं बघितलं, आणि काचेच्या बरोबर मधोमध टिळा ओढला. फोटो निघाला. मग नारळ फुटला, त्याचं पाणीही उडालं, आणि सरांनी खिशातल्या रुमालानं काच खसाखसा पुसली. "बघ, निघालं. उगाच घाबरतेस."

राखेनं घासलेल्या ताटावर येतात तसे बारीक ओरखडे मला खालूनसुद्धा दिसले. वाटेत एका ढाब्यावर मी लेन्स पुसायच्या औषधानं काच पुसली. कुंकू निघालं, लेपही निघालेला होता. दुसरी काच आमच्याकडं नव्हती.

समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, पण तो कसा होता ते विचारू नका. दिवेलागणीपासून माझे डोळे पडद्यावर. मधोमध धुक्याचा एक गोळा. कडेच्या होड्या माझा प्रोग्रॅम टिपत होता. पण ज्या होडीसाठी चाचणी होती ती नेमकी मधून आली, साध्या डोळ्यांना दिसेल इतकी जवळ, आणि पडदा कोरा. एका साहेबांनी बोट करून दाखवलं, "ती बघा, आली की!" बाकीचे हसले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "काचेवर कुंकू—"

"प्रोग्रॅम नवा आहे सर," आमचे सर मधेच म्हणाले. "मुलगी अजून शिकतेय."

मुलगी अजून शिकतेय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कॉलेजात आल्यावर कुजबुज वेगळीच सुरू झाली: एकीनं पूजेत मोडता घातला, म्हणून यश आलं नाही. सरांनी ती ऐकली आणि कुणालाही गप्प केलं नाही. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "चाचणी फेल गेली, शेवटचं प्रकरण कशावर लिहिणार? दुसरा विषय घे." मी म्हटलं, "काच बदलून पुन्हा बघू." त्यांनी माझी फाइल मिटून माझ्याकडं सरकवली. काच बदलायची तर का बदलायची हे लेखी द्यावं लागलं असतं, आणि पोर्चमधला फोटो सचिवांच्या भिंतीवर लागलेला होता. मी दुसरा विषय घेतला नाही. नोंदणीची मुदत संपली. मी डिप्लोमा कॉलेजात शिकवायला लागले. वडील गेले, पाटी दाराला आहे.

यंदा मला त्याच कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावलं. सर रिटायर झालेत. जीप तिथंच, नव्या काचेची, आणि काचेवर मखमली टोपडं. एका हुशार मुलीला मी विचारलं, "हा कॅमेरा कशानं निकामी होऊ शकतो?"

"काचेवर परकं काही लागलं तर, मॅडम," ती घडाघडा म्हणाली. "खनिज कणांचा थर बसतो, पुसताना लेप खरवडतो, मधलं दिसेनासं होतं. आमच्या रिटायर झालेल्या सरांचं संशोधन आहे ते. परदेशात पेपर आलाय त्यांचा. म्हणून तर पूजेच्या वेळी आम्ही टोपडं घालतो."

"पेपरात कुंकू म्हटलंय का?"

"नाही मॅडम. कुंकू कशाला म्हणतील? खनिज कण."

उत्तर बरोबर होतं. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. ती खूश झाली, उठता उठता आदरानं म्हणाली, "मॅडम, तुमची पीएचडी कशात झाली?"

"झाली नाही," मी म्हटलं. "तू आत्ता सांगितलास ना, त्याच थरात गेली."