गिनी पिगला लंघन

माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यातली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे सुई टोचायची, मलमपट्टी करायची आणि साहेब दौऱ्यावर असले की साहेबासारखं बोलायचं. किनवटला आणि पुढं धर्माबादला लोक मला डॉक्टर म्हणत. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडं राहायला आलो, तेव्हा ही न मिळालेली पदवीही सामानाबरोबर घेऊन आलो. आता सत्तरी उलटली आहे. सुनेच्या माथी सात वर्षं राहिलेला एक आळ माझा आहे, एवढं लिहून ठेवतो.

नात तेव्हा पाचवीत होती. तिच्या वाढदिवसाला मुलानं गिनी पिग आणला. पांढरा-तपकिरी, शेपूट नाही, ससा व्हायला निघून वाटेतच थांबलेला. काही महिन्यांनी त्यानं खाणं सोडलं. गवताला तोंड लावायचा आणि मागं सरायचा. नात शाळेत जाता जाता म्हणाली, "आबा, तुम्ही बघा ना त्याला." घरात डॉक्टर असताना आणखी कुणाला सांगणार?

मी चष्मा लावला. दात बघून बैलाचं वय सांगण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता. याचे पुढचे चार दात पाहिले, पोट चाचपलं आणि निदान करून टाकलं : अपचन. बैलाचं पोट बिघडलं की आम्ही वैरण बंद करायचो. "लंघन," मी जाहीर केलं. "दोन दिवस नुसतं पाणी. गवत काढून घे. आणि पोरीला बोलू नको, ती चोरून घालंल."

हे मी सुनेला सांगितलं. ती मला मामा म्हणते, सासऱ्याला आमच्याकडं तसंच म्हणतात. "मामा, एवढासा जीव," ती म्हणाली. "दोन दिवस निभंल का?"

"तीस वर्षं हेच केलं मी."

गिनी पिगच्या बाबतीत मी तीस मिनिटंसुद्धा काही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो अंग फुगवून कोपऱ्यात बसला आणि उठेना. आता मात्र मी फोन लावायला सुरुवात केली. एक जुने सहकारी म्हणाले, "म्हैस असंल तर सांगा. उंदरावर काय इलाज करावा माणसानं?" दुसरे म्हणाले, हैदराबादला न्या. शेवटी ज्या दुकानातून तो आणला होता त्या दुकानदारानं सांगितलं, लातूरला एक डॉक्टरीण आहेत, ससे, परदेशी पोपट, असलं सगळं बघतात.

मुलगा कामाला परगावी होता. सून, नात आणि मी एसटीनं निघालो. टोपलीवर टॉवेल. कंडक्टरनं टॉवेल उचलून पाहिलं.

"एवढ्यासाठी लातूर? माझ्या घरी या काका, असले चार फुकट देतो. वरून चहा पाजतो."

"हे डॉक्टर आहेत," नात फणकाऱ्यानं म्हणाली.

"मग तर लईच अवघड झालं," असं म्हणून तो पुढं गेला. त्या प्रवासात शहाणं बोलणारा तो एकटाच.

लातूरच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मीही डॉक्टरच. जनावरांचाच." त्यांनी मान हलवली आणि बारीक दिवा त्याच्या तोंडात धरला.

"मागच्या दाढा वाढल्यात. जिभेत घुसतायत. याला भूक आहे, चावता येत नाही."

म्हणजे आधीच उपाशी असलेल्याला मी लंघन दिलं होतं. दात बघण्यात ज्याचं नाव, त्यानं पुढच्या चारांवर समाधान मानलं होतं.

"भूल देऊन दाढा घासाव्या लागतील," बाई म्हणाल्या. "शेवटचं कधी खाल्लं यानं?"

"सकाळी," मी म्हणालो. "थोडं गवत."

का म्हणालो? दोन वाक्यांपूर्वी डॉक्टर झालो होतो, म्हणून. बाई इंजेक्शनची तयारी करायला वळल्या.

"न्हाई मॅडम," सून म्हणाली. "दोन दिवस पूर्ण उपाशी हाय तो."

बाईंचा हात थांबला. "उपाशी कुणी ठेवलं?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचा कुत्र्यांच्या लसींचा तक्ता वाचत होतो.

"मीच," ती म्हणाली. "मला वाटलं अपचन असंल."

"याचं पोट कधी रिकामं ठेवायचं नसतं. आता भूल दिली असती तर उठला नसता बहुतेक."

त्या दिवशी त्याला सलाईन दिलं, सुई काढलेल्या सिरिंजनं पातळ खाणं भरवलं. अंगात बळ आल्यावर पुन्हा नेऊन दाढा घासून आणल्या. तो वाचला, पुढं तीन वर्षं जगला. पण नातीनं आईला गवत काढून घेताना पाहिलं होतं. दवाखान्यात आईचं 'मीच' ऐकलं आणि तिला सगळं जुळलं. त्या दिवसापासून गवत, पाणी, साफसफाई ती स्वतः करायची, आणि आई पिंजऱ्याजवळ दिसली की ओरडायची, "तू हात लावू नको त्याला." अशा वेळी मी पेपर वाचायचो. एकच पान पुन्हा पुन्हा.

नात आता बारावीत आहे. मागच्या रविवारी दोघींना समोर बसवलं आणि सांगून टाकलं. नात आईकडं वळली.

"तू बोलली का नाहीस?"

"आबा त्या मॅडमला डॉक्टर म्हणून सांगून बसले होते. चारचौघांत कसं बोलू?"

"आई, मी तुला तीन वर्षं त्याला शिवू दिलं नाही."

"मला कुठं हौस होती? किळस यायची मला त्याची."

हे मात्र खोटं होतं. नात शाळेत गेली की सून रोज पिंजऱ्यापुढं बसायची. कोथिंबिरीच्या काड्या एकेक करून गजांतून आत सारायची आणि निलंग्याकडच्या आपल्या माहेरच्या बोलीत, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत, त्याच्याशी बोलत राहायची. मी खोलीतून सगळं पाहायचो. हेही मी नातीला सांगितलं.

"मामा, गप बसा आता," सून म्हणाली. या घरात आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच असं बोलली, आणि मी गप बसलो.