शोभाबाईच्या अंगणात दिलेली साक्ष

देव म्हणेल तिथे जाईन, असं आमच्या चर्चच्या मंडळीत उभी राहून मी कितीदा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. मनातल्या मनात मात्र एक गाव वगळलेलं होतं. शेंदूरजनाघाट. चांगलं संत्र्यांचं गाव, अमरावतीहून फार लांबही नाही. पण एसटीच्या पाटीवर ते नाव दिसलं तरी मी मान फिरवायची. कारण तिथे शोभाबाई राहत होती.

शोभाबाई म्हणजे अकोल्याच्या एका लहानशा दवाखान्यातली आया, आणि मी तिथली वॉर्डची सिस्टर. मी कडक होते. चादरीला सुरकुती दिसली की माझा आवाज जिन्यापर्यंत जायचा. एका दुपारी ऑपरेशन होऊन आलेल्या बाईला हुडहुडी भरली होती. तिला कमरेत इंजेक्शन दिलेलं, पाय बधिर. अशा पेशंटच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळल्याशिवाय ठेवायची नसते, हे मीच नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवलेलं. आणि त्या दिवशी घाईत मीच ती तशीच ठेवली. तासाभराने पाहिलं तर पोटरीवर हा एवढा फोड. डॉक्टर कडाडले, पिशवी कोणी ठेवली म्हणून. पिशव्या भरून आणायचं काम शोभाबाईचं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत तिला कामावरून काढलं. नवरा आधीच वारलेला, ती लेकाला घेऊन आपल्या गावी निघून गेली. मी घरी आले, जेवले, प्रार्थना केली आणि झोपले. पुढची अकरा वर्षं हे मी कोणालाही सांगितलं नाही, अगदी आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही अमरावतीला राहायला आलो. मंडळीच्या कामात मी पुढे पुढे करू लागले. गेल्या हिवाळ्यात महिला मंडळाने ठरवलं की प्रत्येकीने एकेका गावी जायचं, ओळखीपाळखीच्या घरी बसायचं, आजाऱ्यांची विचारपूस करायची आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची. कोणावर जबरदस्ती नाही, कोणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, असं पाळकसाहेबांनी दहादा बजावलं. गावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या पातेल्यात टाकल्या आणि माझ्या हाती नेमकी शेंदूरजनाघाटची आली. मी लगेच मंडळातल्या मालतीबाईंना गाठलं, त्यांची अचलपूरची चिठ्ठी घेतली आणि माझी त्यांच्या हातात कोंबली. म्हटलं, मला घाटात मळमळतं. त्या रस्त्याला घाट नाही हे त्यांनाही माहीत होतं, तरी बिचाऱ्यांनी चिठ्ठी ठेवून घेतली. चार दिवसांनी त्यांना चिकुनगुनिया झाला, गुडघे हे असे सुजले, आणि त्यांनी फोनवर सांगितलं, "तुमचं गाव तुमीच घ्या बाई, मले तं उठता येऊन नाई राहिलं." त्या दिवशी मी प्रभूशी चक्क भांडले. तू म्हणशील त्या गावी जाते, हे एक सोड, म्हटलं. पण माझं मन काही केल्या स्वस्थ होईना.

शेवटी गेले. पिशवीत बायबलच्या वचनांची चोपडी, मनात पाठ केलेली साक्ष, आणि शोभाबाईच्या घराकडे फिरकायचंच नाही असा पक्का बेत. वाटेत मोर्शीला एसटी बंद पडली. खरं सांगते, मला आनंद झाला. समोरच अमरावतीची गाडी लागलेली होती. मी तिच्या पायरीवर एक पाय ठेवलासुद्धा. तेवढ्यात संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो बाजूला थांबला. चालवणारे पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर जाळीची टोपी घातलेले एक चाचा. "बाई, वरूडच्या बंद गाडीतून उतरल्या न तुमी? म्या पायलं. बसा समोर, मी शेंदूरजन्याले जाऊन राहिलो." जे गाव मी टाळत होते, तिथे न्यायला माणूस समोर येऊन उभा राहिला होता. मुकाट्याने बसले.

बसल्या बसल्या मी म्हटलं, चला, इथूनच सेवा सुरू करू. प्रभू किती क्षमाशील आहे, असं मी सुरू केलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाई, माफीची गोठ करून राहिल्या, पण तुमचंच त्वांड काहून उतरलं?" काय झालं कोण जाणे, अकरा वर्षं जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते मी एका परक्या माणसाला रडत रडत सांगितलं. वरूड मागे पडलं. मग ते म्हणाले, "पयले थे काम करा. बाकीचं मंग पाहा." गावात त्यांनी स्वतः दोन ठिकाणी शोभाबाईचा पत्ता विचारला आणि एका कलमांच्या नर्सरीपाशी मला उतरवून दिलं. माझं नावही त्यांनी विचारलं नाही.

जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या रोपांवर कलमासाठी संत्र्याचे डोळे पट्टीने बांधत बाया उकिडव्या बसल्या होत्या. शोभाबाईने मला लांबूनच ओळखलं. केस पिकले होते, पण नजर तीच. माझी पाठ केलेली साक्ष कुठल्या कुठे पळाली. मी तिच्यासमोर मातीत बसले आणि म्हटलं, "शोभाबाई, पिशवी मी ठेवली होती." तिचे हात थांबले नाहीत. एक पट्टी बांधून झाली, मग ती म्हणाली, "मले मालूम हाय, सिस्टर. मी पायलं व्होतं." मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? "आयाचं कोन आयकते? अन् मले वाटे, तुमी बोलसान. मी दरवाज्यापाशी उभी राहून वाट पायली, सिस्टर. लय येळ पायली." त्या दिवशी ती दारात रेंगाळली होती, हे मला चांगलं आठवतं. मी तिच्याकडे पाठ फिरवून कपाटात औषधं लावत बसले होते. असं वाटलं की धरणीने पोटात घ्यावं.

मी हात जोडले. तिने ते धरले नाहीत. "माफी मले नका मांगू," ती म्हणाली, "माह्या सुनेले सांगा." आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझा जीव कासावीस झाला. अकोल्याच्या दवाखान्यात हिने पेशंट भाजला, ही गोष्ट तिच्याआधी गावात पोहोचली होती. आता घरात महिन्याची नात. सुनेला आई नाही, तरी ती लेकराला आंघोळ घालायला शेजारणीला बोलावते, सासूला गरम पाण्याजवळ येऊ देत नाही. "नातीले म्या अजून पायावर नाई घेतलं, सिस्टर," एवढं बोलताना मात्र तिने हातातली पट्टी खाली ठेवली.

आम्ही घरी गेलो. सून पाणी तापवून शेजारणीची वाट पाहत होती, ती नेमकी तेव्हाच आली. बरं झालं, म्हटलं, दोघींनी ऐकू दे. त्या अंगणात उभी राहून मी सगळं सांगितलं, पिशवी कोणी ठेवली, गप्प कोण राहिलं, कोणाची शिक्षा कोणी भोगली. सून माझ्याकडे टक लावून पाहत होती. "अन् आता काहून आल्या? कोनं पाठोलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझ्या येशूने पाठवलं, पोरी. मी यायला तयार नव्हते. त्याने पिच्छा सोडला नाही." माझी सगळी साक्ष ती एवढीच. मागून शोभाबाई म्हणाली, "लयच हट्टी देव दिसते तुमचा," आणि रडता रडता मला हसू आलं.

सून आत गेली. मला वाटलं, आता दार लावते. ती लेकराला घेऊन बाहेर आली आणि पोरीला सासूच्या हातात देऊन म्हणाली, "आई, पानी तुमीच पायजा. मले अंदाज नाई येत." शोभाबाई पाटावर पाय लांब करून बसली. कोपर बुडवून पाणी पाहिलं, विसावणाचं गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं, आणि नातीला पायांवर पालथं घेतलं. लेकरू रडलं, मग उबेने निवांत झालं. शेजारीण, सून, मी, तिघी उभ्या राहून नुसत्या बघत होतो. पोरीला पुसून गुंडाळल्यावर शोभाबाईने ती माझ्यापुढे धरली. "तुमच्या देवाचं नाव घ्या हिच्यावर," म्हणाली, "आज त्यानंच माहं आयकलं." मी त्या चिमुकल्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यभर मंडळीत लांबलचक प्रार्थना केल्या, पण तिथे "प्रभू, तुझे उपकार" याच्यापुढे मला शब्द सापडले नाहीत.

इतकी वर्षं मी समजत होते की देव मला दुसऱ्यांना वाचवायला पाठवतो. मी ज्या दारी गेले नसते तिथे त्याने मला कानाला धरून नेलं, तेव्हा कळलं की आधी माझीच सुटका व्हायची होती. त्याच्यापुढे हार मानायला मी अकरा वर्षं लावली, आणि त्या वर्षांची किंमत दुसऱ्याच बाईने मोजली, याची खंत मरेपर्यंत राहील. तरी त्याने मला टाकलं नाही आणि तिनेही टाकलं नाही. निघताना तिने मला फाटकापर्यंत पोचवलं आणि म्हणाली, "आता सांगून सवरून येत जा, सिस्टर. लेकरू मोठं होते तं पायाले या."