पाचवा टोल

मावशींबद्दल टेलरकाकांना खरं म्हणजे काहीच माहीत नव्हतं. ओळख सोळा दिवसांची, आणि त्या सोळा दिवसांतलं सगळं बोलणं एकत्र केलं तरी तासाभराच्या वर भरलं नसतं. मावशी बावीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिपाई होत्या, पाण्याच्या टाकीमागे कुठेतरी राहायच्या आणि त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता, एवढं काका सांगू शकले असते. घरी कोण होतं, नवरा होता की नाही, हसल्यावर त्या कशा दिसायच्या, यातलं काही विचारलं असतं तर काका गप्प बसले असते.

साथ ओसरल्यावर पालिकेने शाळेच्या फाटकाशी एक फलक लावला. साथीत कामावर असताना गेलेल्या कर्मचाऱ्यांचे सात फोटो होते, त्यात तीन बायका. काका दुकानातून परत येताना तिथे थांबले. मावशी गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, पण या तिघींतल्या मावशी कोणत्या ते त्यांना ओळखता येईना. त्यांनी मावशींना कायम मास्कमध्येच पाहिलं होतं. फोटोंखाली नावं होती. काकांनी तिन्ही नावं दोनदा वाचली. मावशींचं नाव कधी विचारलंच नव्हतं, तर वाचून काय कळणार?

"मावशी शोधताय का?" फाटकावरचा रखवालदार म्हणाला. "त्या काय, वरून दुसऱ्या."

फोटोतल्या बाईच्या हनुवटीवर तीळ होता. काका कितीतरी वेळ त्या तिळाकडे बघत राहिले. फोटो मानेपाशी कापलेले होते. आणखी चार बोटं खाली कापले असते, तर पन्नास वर्षं लोकांची मापं घेतलेल्या माणसाने तो उतरता खांदा एका नजरेत ओळखला असता.

काका आणि काकू एकाच दिवशी आजारी पडले होते. वॉर्ड ऑफिसची गाडी आली, दोघांना घेऊन गेली आणि शाळेच्या मैदानात उतरवलं. बाकं बाहेर एकावर एक रचून ठेवली होती आणि वर्गांत खाटा टाकल्या होत्या. पुरुष एका इमारतीत, बायका समोरच्या. काकांना चौथी ब मिळाली, काकूंना सहावी अ. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. काका कापड कापायचे, काकू काजं-बटणं करायच्या आणि दोघं जेवायला एकदमच बसायचे. शाळेच्या मैदानात दोन वाटा फुटल्या तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "बनियन रोज बदला."

घरातला एकुलता एक फोन काकांच्या खिशात राहिला. काकूंच्या फॉर्मवर फोन नंबरच्या जागी कारकुनाने शाळेच्या ऑफिसचाच नंबर लिहून टाकला.

चौथी ब मध्ये फळ्यावर शाळा बंद पडली त्या दिवशीची तारीख अजून होती. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, पट बेचाळीस, हजर एकोणचाळीस. शेजारच्या खाटेवर एक टॅक्सीवाला होता, गप्प बसणं ज्याला जमायचंच नाही असा. त्याने ते पुसून 'पट बारा, हजर बारा' असं लिहिलं आणि खाली 'दांडी मारणाऱ्यास शिक्षा होईल' असंही. त्याची आईसुद्धा समोर सहावी अ मध्येच होती. तिच्याकडे फोन होता, पण तो दुसऱ्याच दिवशी बादलीत पडला.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या डब्यांची टोपली घेऊन. जेवण जवळपासच्या चाळींतल्या बायका रांधून फाटकाशी आणून द्यायच्या आणि वर पोचवायचं काम मावशींचं. अंगावर पांढरा प्लास्टिकचा झगा, डोक्यापासून पायापर्यंत. काका तापात होते, तरी त्यांच्या तोंडून गेलंच, "हे शिवलंय कोणी? बाह्या लावल्यात की चिकटवल्यात?"

"संध्याकाळी टाकून द्यायचाय काका, लग्नाला नाही चालले मी," मावशी म्हणाल्या. "डबा घ्या."

"मावशी, समोर सहावीत माझी बायको आहे."

"एक मिनिट. तुम्ही मला मावशी म्हणता, मी तुम्हाला काका म्हणते. म्हणजे आपलं नातं लागलं काय?"

टॅक्सीवाला खाटेवर उठून बसला. "हे कोडं सुटलं तर आम्हालाही सांगा."

काकांना हसू आलं नाही. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. आजारपणात काकू जेवायच्या नाहीत. समोर बसून "हा एक घास" असं म्हणावं लागायचं. आता तिथे कोण म्हणणार? आणि ती जेवली नसेल, या विचाराने काकांचाही घास उतरेना. दोन दिवस डबे भरलेले परत गेले. तिसऱ्या दिवशी मावशी दारातच थांबल्या.

"काका, हे चालणार नाही. त्या बायका पहाटे उठून रांधतात."

"ती जेवली का, तेवढं कळलं तर मी जेवेन."

"दोन्ही वेळचे डबे मी सकाळीच देऊन जाते, मला परत वर येता येत नाही हो. झगा दिवसाला एकच मिळतो, आणि आधी तुमची इमारत, मग बायकांची, असा नियम आहे." मावशींनी टोपली उचलली. मग म्हणाल्या, "घंटा ऐकू येते ना?"

घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. शाळा बंद असली तरी मावशी तो वाजवायच्या, कारण रोग्यांना दिवस कळेनासा झाला होता. गोळ्यांना दोन टोल, वाफ घ्यायला तीन, जेवणाला चार. वॉर्ड ऑफिसातून आलेला एक साहेब वैतागून म्हणाला होता, "ही काय शाळा आहे का?" त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, "शाळाच आहे साहेब. पाटी तुम्ही अजून काढलेली नाही."

"चार टोल झाले की जरा थांबा," मावशींनी काकांना सांगितलं. "मी समोर जाते, काकूंना भरवते. त्या जेवल्या की खाली येऊन आणखी एक टोल देते. पाचवा. तो झाला की तुम्ही डबा उघडायचा. कबूल?"

"कबूल."

त्या दुपारी चार टोल झाले. काका डबा मांडीवर घेऊन बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग खालून एकच टोल आला. काकांनी खिडकीतून पाहिलं. उजवा हात वर, डावा खांदा खाली, अशा मावशी व्हरांड्यात उभ्या होत्या. काकांनी डबा उघडला आणि पार पुसून खाल्ला.

"मावशींचं गणित कच्चं आहे," टॅक्सीवाला म्हणाला. "चारानंतर विसरतात आणि मग आठवण आली की देतात." काकांनी त्याला काही सांगितलं नाही. तोंडावर चादर ओढून ते लहान मुलासारखे हसले.

पाच दिवस असे गेले, दिवसाला दोन वेळा. सकाळी मावशी निरोपही आणायच्या. "काकू विचारतात, बनियन बदलला का." काका सांगायचे, "बदलला म्हणावं." एकदा काकांनी विचारलं, "तुमचा डावा खांदा असा का?" मावशी म्हणाल्या, "बावीस वर्षं बादल्या वाहिल्या. उजवा हात घंटेसाठी राखून ठेवलाय." सातव्या दिवशी टॅक्सीवाला बरा होऊन घरी गेला. जाताना त्याने फळ्यावरच्या हजरीतला एक कमी केला.

नवव्या दिवशी सकाळी मैदानात गाडी उभी दिसली. पांढऱ्या झग्यातल्या माणसांनी समोरच्या इमारतीतून एक स्ट्रेचर आणलं. वरच्या मजल्यावरून कोण ते कळेना. त्या दिवशी निरोप आला नाही. काकांचा जीव दुपारपर्यंत टांगणीला लागला होता. चार टोल झाले. काका डबा न उघडता बसून राहिले. नेहमीपेक्षा उशीर झाला, पण पाचवा टोल आला. काकांनी देवाचं नाव घेतलं आणि डबा उघडला. संध्याकाळीही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी डबे दारात ठेवून घाईने निघून गेल्या, पण टोल दोन्ही वेळा आला.

अकराव्या दिवशी सकाळी मावशी वर आल्या त्या टोपलीशिवाय. वर्गातल्या स्टुलावर बसल्या. त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

"काका, काकू गेल्या. आज पहाटे. मोठ्या दवाखान्यातून ऑफिसात फोन आला."

"मोठ्या दवाखान्यात कशाला जाईल ती?" काका म्हणाले. "काल रात्री जेवली की इथे."

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"काल टोल झाला. परवा झाला."

"परवा सकाळीच नेलं होतं काका त्यांना. श्वास घेता येत नव्हता."

वर्गातली बाकीची माणसं भिंतीकडे बघत होती. काकांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "तुम्ही खोटं वाजवलंत. तिकडे तिला श्वास मिळत नव्हता आणि मी इथे डबे पुसून खात होतो."

"काका, काकूंनीच मला..."

"पुरे."

"ऐका तरी."

"पुरे म्हटलं ना. जा तुम्ही."

मावशी उठल्या. दारापाशी थांबल्यासारख्या झाल्या आणि मग जिना उतरून गेल्या.

काकूंचे अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केले. काकांचे दिवस पुरे झाले नव्हते, त्यामुळे त्यांना सोडलं नाही. परगावी असलेली लेक फोनवर रडत होती, काका तिची समजूत काढत होते आणि आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मावशी रोज डबा दारात ठेवायच्या. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. खाली चार टोल व्हायचे. चौथा झाला की काका नकळत श्वास धरून बसायचे. मग व्हरांड्यातून मावशींची पावलं दूर जाताना ऐकू यायची.

पुढचं काकांना कळलं ते फार उशिरा, फलक पाहिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. टॅक्सीवाला आईचा ब्लाउज घेऊन दुकानात आला होता. आजाराने म्हातारी निम्मी झाली होती, जुने ब्लाउज आत घ्यायचे होते. तो इकडचं तिकडचं बोलत बसला आणि मध्येच म्हणाला, "काका, तो पाचवा टोल तुमचा होता होय! आईने सांगितलं मला. आणि मी आपला मावशींच्या गणिताला नावं ठेवत होतो."

"तुझ्या आईला काय माहीत?"

"तिची खाट काकूंना लागूनच होती. काकूंना न्यायला आले ना, तेव्हा काकूंनी मावशींचा हात धरून ठेवला. म्हणाल्या, टोल चुकवू नका, नाहीतर हे जेवायचे नाहीत. मावशी म्हणाल्या, मला नाही जमायचं असलं खोटं. तर काकूंनी त्यांना आपल्या गळ्याची शपथ घातली. गाडीत घालेपर्यंत हात सोडेनात. आई म्हणते, दुपारी मावशी तिच्या खाटेशी येऊन रडल्या, मग खाली गेल्या आणि टोल दिला." त्याने काकांकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

काका ब्लाउजची उसवलेली शिवण बघत होते. "शुक्रवारी घेऊन जा," ते म्हणाले.

तो गेल्यावर काकांनी मशीन चालवायला घेतलं, पण दोरा सुईत जाईना. "काकूंनीच मला..." एवढं मावशी बोलल्या होत्या. आणखी चार शब्द ऐकून घेतले असते तर काय बिघडलं असतं? काकांना वाटे, दारात त्या थांबल्या होत्या त्या मी वळून बघेन म्हणून. नसतीलही. कदाचित टोपलीच आठवली असेल. मावशींच्या मनातलं काही आपल्याला कळत होतं असं कसं म्हणावं, हनुवटीवरचा तीळसुद्धा ठाऊक नव्हता.

घरी सोडलं त्या दिवसावर मग काका पुन्हा पुन्हा जात. सोळावा दिवस. काका जिना उतरून मैदानात आले होते. मावशी बाकं पुसत होत्या. त्या दिवशी झगा नव्हता, शाळेचा निळा कोट आणि मास्क. त्यांनी काकांना पाहिलं, फडकं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि ऑफिसातून काकूंची पिशवी आणून दोन्ही हातांनी पुढे केली. आत चष्मा होता, कंगवा होता आणि नीट घडी घातलेली चादर. ती घडी काकूंची नव्हती. काकू चौघडी घालायच्या.

काकांनी पिशवी घेतली. राग केव्हाच विझला होता, पण तसं म्हणायचं कसं हे सुचेना. फाटकाबाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. काकांची नजर मावशींच्या खांद्यावर गेली.

"कोट उतरतोय डावीकडून," ते म्हणाले.

"हो ना. सारखा वर घ्यावा लागतो."

"आतून एक पट्टी घातली की बसेल. आणून द्या."

"आता कुठे काका. शाळा सुरू झाली की आणते."

"दुपारी आणा. सकाळी दुकानात उजेड नसतो."

"बरं," मावशी म्हणाल्या. "दुपारी आणते."