धाकटीची सुई

दिग्रसच्या दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाई जेमतेम वर्षभर होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. साठ सालच्या आसपास माझ्या दोन्ही मुलींचे घसे एकदमच धरले. थोरलीचं नाक गळत होतं आणि खोकून खोकून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटी तापानं फणफणली होती, पण गप्प होती.

बाईंनी दोघींना दाराशी उन्हात उभं केलं. चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घसा पाहिला, मग जबड्याखाली हलक्या बोटांनी चाचपलं. थोरलीला मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि पेनिसिलिनची सुई फक्त धाकटीला.

मी चिडलो. "बाई, थोरली खोकून राह्यली, तिले काहून नाही सुई? सुईसाठीच तर आलो आम्ही."

"सर्दी-खोकल्याचा घसा आपोआप बरा होतो. हिला खोकला नाही, पण गाठी आल्यात, घशात पांढरं धरलंय. हे अंगावर काढलं तर पुढे काळजावर जातं. सुई घसा पाहून द्यायची असते, बापाचा चेहरा पाहून नाही."

रांगेतले लोक हसले. मी मान खाली घातली, पण धाकटीला रोज सुईला नेत राहिलो.

सहाव्या दिवशी दोघींना घेऊन गेलो. थोरली सुईशिवाय ठणठणीत झाली होती. धाकटीला बाई म्हणाल्या, "ओरड पाहू जोरात!" ती अशी ओरडली की बाहेर कापसाच्या गाडीचे बैल बिथरले. एरवी कधी न हसणाऱ्या बाई खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागल्या. मीही वाजवल्या, आणि मग सगळी रांगच वाजवू लागली.