कोरडा कूलर

"हिचा दम आता नाय थांबला तर पोरगा हिला पुण्याला घेऊन जाईल," मामा म्हणाले.

शेजारी त्यांच्या बायको, आमच्या पेशंट गयामावशी, दम आवरत बसल्या होत्या. "ह्यांना चहासुद्धा करता येत नाय," त्या मला म्हणाल्या. "मी गेले तर खातील काय?"

मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारनंतर छातीच्या एका डॉक्टर मॅडमच्या क्लिनिकमध्ये पेशंटना पंप घ्यायला शिकवते. पंप म्हणजे इनहेलर. दम्यात श्वासाच्या नळ्या सुजतात, आवळतात. एक पंप ती सूज कमी ठेवतो. तो बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. दुसरा दम लागल्यावर. बहुतेकांची गडबड इथंच होते. म्हणून मावशींना पंप घेऊन दाखवायला सांगितलं. त्यांनी अगदी नीट घेतला, श्वास रोखून धरला, नंतर चूळसुद्धा भरली. मला शिकवायला काही उरलंच नाही.

मॅडम म्हणाल्या, "औषध वाढवावं लागेल असं दिसतंय. त्याआधी घरचं विचार. धूळ, धूर, सगळं."

पडेगावला त्यांच्या घराभोवती नव्या बिल्डिंगा उठत होत्या. मला वाटलं, हेच कारण. पण बांधकाम चालायचं दिवसा, आणि दिवसा मावशी बऱ्या असायच्या. त्रास रात्रीचा.

"रात्री काय करता?" मी विचारलं.

मामांना हा प्रश्न आवडला. "लई काळजी घेतो हिची. कूलर हिच्याकडं तोंड करून ठेवतो. दम वाढला की फुल करतो."

"झोपू देत नाय," मावशी म्हणाल्या. "नुसतं घुंई घुंई."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर येईल तेव्हा पाणी. मी जरा अडखळतच विचारलं, "मामा, कूलरला पाणी कुठून आणता?"

"पाणी कुठलं? कोरडाच चालवतो. वारं तर लागतं."

आमच्या फुलंब्रीच्या घरीही तसंच चाललं होतं. कूलरच्या जाळीतलं जुनं गवत वाळलं की त्याचा भुगा होतो. त्यात बुरशी, त्यात बाहेरची धूळ. मामा ते सगळं मायेनं मावशींच्या नाकात सोडत होते. दम वाढला की आणखी जोरात.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू शकतं. कूलर बंद करून बघू. पंप चालूच राहू दे. आणि तूच सांग त्यांना."

कसं सांगावं, कळेना. शेवटी म्हटलं, "मामा, मावशींना वारा हवाच आहे. पण कूलरच्या गवताचा भुगा सोसत नाही."

मामा हळूच म्हणाले, "म्हणजे मीच व्हय?"

"तुम्हाला काय माहीत होतं?" मावशी म्हणाल्या. "चला, उठा."

पुढच्या खेपेला मावशी जिना चढून आल्या त्या बोलतच. पुणं रद्द झालं होतं. मॅडमनी औषध वाढवलं नाही, पण रोजचा पंप सोडायचा नाही, असं बजावलं.

"कूलरचं काय केलं?" मी विचारलं.

"गवत फेकलं. टाकीत टँकरचं पाणी झाकून ठेवतो," मामा म्हणाले.

"आणि मला पुठ्ठ्यानं वारा घालतात, नको म्हणलं तरी," मावशी म्हणाल्या. "चहा मात्र अजून येत नाय."

तेव्हापासून मी पेशंटला पंप घेऊन दाखवायला सांगण्याआधी विचारते : घरी तुमची काळजी कोण घेतं, आणि कशी?